मूळ पेशी आणि सुरणाची भाजी

आमच्या ह्यांना मूळव्याध झाली, ही बातमी बोईसरच्या आमच्या बिल्डिंगमध्ये मीच पसरवली. पसरवली म्हणजे काही दवंडी पिटली नाही. शेजारच्या दारात सांगितली, आणि आमच्या जिन्यात एका दारात सांगितलं की बाकीच्या दारांत सांगायचं काम उरत नाही. शिवाय मूळव्याध ही लपवण्यासारखी गोष्ट आहे असं मला कधी वाटलं नाही. ज्याला बसायला लागतं त्याला ती होऊ शकते.

झालं असं, की हे गॅलरीत फोनवर बोलत होते. दार लोटलेलं होतं आणि आत माझ्या कुकरच्या शिट्ट्या चालल्या होत्या. एरवी हे फोनवर इतक्या मोठ्याने बोलतात की पलीकडच्याला फोन नसला तरी चालावं. सगळं आयुष्य बॉयलरजवळ गेलं, हळू बोलणं ठाऊकच नाही. त्या दिवशी मात्र कुजबुजत होते, म्हणूनच मी कान दिला. दोन शिट्ट्यांच्या मधे मला ऐकू आलं ते एवढंच, "मूळ..." मग शिट्टी. मग, "इंजेक्शन फार दुखतं का?" आणि शेवटी, "नंतर बसायला त्रास नाही ना होणार? आता माझं खुर्चीवरचं काम आहे हो."

मूळ, इंजेक्शन आणि बसायला त्रास. यातून कुठलीही शहाणी बाई जो अर्थ काढेल तोच मी काढला.

आणि खरं सांगते, मला चक्क बरं वाटलं. कारण वर्षभर एक गोष्ट मला आतून खात होती. हे हॉलमधल्या दिवाणावर झोपायला लागले होते. आधी कारण पंख्याचं होतं, मग माझ्या घोरण्याचं, मग स्वतःच्या घोरण्याचं. मी आधी विश्वास ठेवला, मग रुसले, मग भांडले आणि मग थकून गप्प बसले. झोपण्याचंही एक वेळ चाललं असतं. पण चहाचा कप देताना माझं बोट लागलं तरी हे हात मागे घ्यायला लागले होते. मुली आपापल्या घरी गेलेल्या, घरात आम्ही दोघंच, आणि मधे हा दिवाण. माझी पाळी गेली होती, कंबर सुटली होती. मी आरशासमोर उभी राहून म्हणायचे, बाई गं, आता तू नकोशी झालीस. म्हणून मूळव्याध कळली तेव्हा वाटलं, चला, दोष त्या बिचाऱ्या मुळाचा आहे, माझा नाही.

इथं आमच्या संसाराची एक गोष्ट सांगायला हवी. लग्न होऊन मी सांगलीकडून इथं आले तेव्हा हे पाळीवर कामाला होते. एमआयडीसीतल्या घरांचं घड्याळ जगावेगळं असतं. रात्रपाळी असली की नवरा सकाळी घरी येतो, आंघोळ करतो, खातो आणि जग कामाला लागलं की झोपतो. अशा वेळी कुणी बेल वाजवू नये म्हणून आमच्या बिल्डिंगमध्ये एक पद्धत होती. कंपनीचं हेल्मेट दाराबाहेरच्या जाळीला अडकवायचं. हेल्मेट दिसलं की दूधवाला, पेपरवाला, भाजीवाली, सगळे पाय न वाजवता खाली उतरायचे. पाहुण्यांना आधी सांगून ठेवावं लागे, एवढंच.

मुली शाळेत जायला लागल्या आणि आमच्या दारावरच्या त्या पिवळ्या हेल्मेटला आणखी एक अर्थ आला. लोकांचा संसार रात्री चालतो, आमचा सकाळी दहाला चालायचा. पडदे ओढलेले असायचे, बाहेर सगळी बिल्डिंग आमच्यासाठी दबक्या पावलांनी चालायची, आणि आत आम्ही हसू दाबत असायचो. नंतर हे माझ्याकडे पाठ करून झोपायचे आणि मी त्या रुंद पाठीला कपाळ लावून पडून राहायचे. साबणाचा वास असायचा, आणि त्याच्या खालून थोडा कोळशाचा. माझ्या आयुष्यात मी जी काही सुखाची झोप घेतली ती बहुतेक दिवसाउजेडी घेतली आहे.

पुढे हे सुपरवायझर झाले, पाळ्या सुटल्या, जनरल शिफ्ट आली. जुनं हेल्मेट गॅलरीत गेलं. त्यात मी कपड्यांचे चिमटे ठेवायला लागले.

तर मूळव्याध. मी सुरण आणायला सुरुवात केली. सुरणाची भाजी, सुरणाचे काप, चिंच घालून सुरणाचं भरीत. जोडीला ताक. हे निमूट खायचे. सुरण खाजरा निघाला तर पाणी प्यायचे आणि पुन्हा खायचे. मला वाटलं, दुखणं फारच वाढलेलं दिसतंय, नाहीतर हा माणूस भाजीला नावं ठेवल्याशिवाय जेवणारा नव्हे. मी एकदा हळूच विचारलं, "अहो, डॉक्टरला दाखवू या का?" तर म्हणाले, "बघतोय मी. फोनवर बोलणं चाललंय." ते खरंच होतं म्हणा.

इथल्या समुद्रकाठच्या नवापूरची मासळीवाली आमच्याकडे वर्षानुवर्षं येते. पाटी जिन्यात टेकवायची आणि वरपर्यंत ऐकू जाईल अशी हाक मारायची, ही तिची रीत. तिला मी सांगितलं, सुके बोंबील आता बंद.

"का गो वैनी? दादांना तर सुका बोंबील म्हंजे जीव की प्रान."

मी तिला हळू आवाजात कारण सांगितलं. तिने ते हळू ठेवलं नाही.

"मूलव्याद? अगो मंग सांगायचं ना! सुका गरम पडतो, बरोबर हाय तुजा. आमच्या म्हाताऱ्याला झाली होती. बसायचा नाय, उभा राहून जेवायचा. दादा बसतात काय?"

दादा त्या वेळी आत हॉलमध्ये बसलेले होते. पेपरचं पान जोरात उलटल्याचा आवाज आला.

मग खालच्या मजल्यावरच्या काकांनी स्वतःची रबरी गादी पाठवून दिली. मधे भोक असलेली, हवा भरायची. "संकोच करू नका, माझं आता ऑपरेशन झालंय," असा निरोपही पाठवला. मी ती फुगवून ह्यांच्या खुर्चीवर ठेवली. ह्यांनी तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि ते तिच्यावर बसले. रोज त्या गादीवर बसून बातम्या पाहायचे. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो असा. पण हे मला तेव्हा कुठं माहीत होतं?

एके दिवशी म्हणाले, "मी जरा पालघरला जाऊन येतो. एक डॉक्टर येतात तिथं." मी साडी बदलायला उठले. तर म्हणाले, "तू कशाला? एवढ्याशा कामाला?" मी म्हटलं, "तुम्हाला परतताना बसता आलं नाही तर?" हे चपला घालायला लागले. मी गेले.

पालघरला एका दुकानाच्या वर भाड्याची खोली होती. एसी होता, भिंतीवर हसऱ्या जोडप्यांची चित्रं होती. मला वाटलं, मूळव्याध बरी झाल्यावर माणसं इतकी हसतात? डॉक्टर नव्हतेच. टाय लावलेला एक तरुण होता, तो हिंदीत बोलायचा. मला पाहून त्याला फार आनंद झाला.

"मॅडम, बहुत अच्छा किया आप साथ में आयीं. ज्यादातर लेडीज लोग आती नहीं. जेंट्स लोग छुपाते हैं."

"छुपाने का क्या है उसमें?" मी म्हटलं. "हमारे पूरे बिल्डिंग को मालूम है."

तो ह्यांच्याकडे बघायला लागला. हे भिंतीकडे.

"पूरी बिल्डिंग को?"

"हां. सबने इलाज बताया. मच्छीवालीने भी बताया. नीचेवाले काका ने तो अपनी गादी दिया."

तो तरुण पाणी प्यायला. मी पुढे विचारलं, "मैं रोज सुरन देती हूं. इंजेक्शन के बाद सुरन चलेगा ना?"

"सुरन से... कुछ फरक पड़ा क्या?" त्याने अगदी मनापासून विचारलं. बिचारा नवीन काही शिकायला तयार होता.

मग त्याने एक रंगीत चित्र पुढे केलं आणि समजावायला लागला. पोटावरची थोडी चरबी काढायची, तिच्यातून मूळ पेशी वेगळ्या करायच्या, आणि जिथे कमजोरी आहे तिथे त्यांचं इंजेक्शन द्यायचं. त्या पेशी तिथं नवीन नसा, नवीन रक्तवाहिन्या तयार करतात, म्हणाला. चित्राखाली मराठीत 'मूळ पेशी' असं छापलं होतं. मूळ हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा पुरता वाचला. त्याच्यामागून व्याध आलीच नाही.

मी चित्राकडे पाहिलं. तिथं बाण कुठे दाखवला होता तेही पाहिलं. मग ह्यांच्याकडे पाहिलं. मान खाली, दोन्ही हात मांडीखाली दाबून बसलेले, वर्गात पकडल्या गेलेल्या मुलासारखे. आणि मला एका क्षणात सगळं कळलं. दिवाण कळला, पंखा कळला, मागे घेतलेला हात कळला. मूळव्याध हा शब्द ह्यांनी एकदाही स्वतःच्या तोंडाने उच्चारला नव्हता, हेही कळलं.

मला रडू येत होतं. पण मी परक्यासमोर रडत नाही, भांडते. म्हणून मी त्या तरुणाकडे वळले.

"अपनी ही चरबी, अपने को ही लगाना. मतलब विरजन जैसा?"

त्याला विरजण कळलं नाही. मी दही म्हटलं, मग कळलं. "हां जी, बिलकुल दही जैसा!"

"और जमा नहीं तो?"

"रिझल्ट पेशंट पे डिपेंड करता है, मॅडम."

आमच्याकडे दही लागलं नाही तर विरजणाला नाहीतर दही लावणारीला बोलतात, दुधाला कुणी बोलत नाही. मी ते त्याला मराठीतच ऐकवलं. मग विचारलं, "आप डॉक्टर है?" तो म्हणाला, डॉक्टर मोठ्या शहरात असतात, मी काउन्सेलर. मी ह्यांना म्हटलं, "उठा." ते उठले.

खाली उतरलो तर ह्यांना घरी जायचं नव्हतं आणि मलाही. रिक्षा केली आणि शिरगावला गेलो. किल्ला ओलांडून किनाऱ्यावर सुरूच्या सावलीत बसलो. भर दुपार, माणूस नव्हतं. हे काडीने वाळू उकरत होते.

मग मीच म्हटलं, "इतके दिवस सुरण का खाल्लात?"

"तू इतक्या मायेने करत होतीस."

"आणि ती गादी?"

"तिच्यावर बसून बसून माझी कंबर धरलीय," म्हणाले. मला हसू फुटलं, ह्यांनाही फुटलं, आणि हसता हसता ह्यांचे डोळे भरून आले. लग्नापासून मी ह्या माणसाला फक्त वडील गेले तेव्हा रडताना पाहिलं होतं.

"तू मूळव्याध म्हणालीस तेव्हा सुटल्यासारखं झालं मला," म्हणाले. "म्हटलं, असू दे. ते सांगता तरी येतं लोकांना." मग म्हणाले, "बॉयलर पेटतो गं. प्रेशर येत नाही."

एवढं एक वाक्य बोलायला ह्यांना वर्ष लागलं होतं. मी पदराने तोंड पुसलं. नंतर विचारलं, "पण मग साधा हात लावायचं का सोडलंत? मला काय वाटत असेल याचा काही विचार?"

"हात लावला की पुढचं आलंच. पुढचं जमत नाही, मग तुझ्या तोंडाकडे कसं बघायचं? त्यापेक्षा हातच नको."

हे ऐकल्यावर मात्र माझं डोकं फिरलं. "मी काय बॉयलर आहे?" मी ओरडलेच. "हात लावला की वाफ निघालीच पाहिजे, असं कुणी सांगितलं तुम्हाला? वर्षभर मी आरशात बघून स्वतःला शिव्या देतेय. वाटलं, मी नकोशी झाले. तुमची पाठ हवीय मला, कळलं? ती पाठ परत द्या माझी. बाकीचं नंतर बघू."

बाकीचं मला नकोच, असं मी म्हटलं नाही. ते खोटं झालं असतं, आणि ह्यांना ते कळलंही असतं.

त्यांनी काडी टाकली. "म्हणून तर इंजेक्शन घेत होतो," म्हणाले. "तुझ्यासाठी." मी म्हटलं, "माझ्यासाठी घेणार असाल तर माझ्या ओळखीच्या डॉक्टरला आधी विचारू."

ओळखीचे म्हणजे आमचे बोईसरचे, ज्यांच्याकडे ह्यांच्या साखरेचं औषध चालू आहे. ह्यांनी त्यांना ही तक्रार कधी सांगितलीच नव्हती. मी सांगायला तोंड उघडलं, तर हे म्हणाले, "थांब, मी सांगतो." आणि सांगितली, नेहमीच्या बॉयलरवाल्या आवाजात. बाहेर बसलेल्या पेशंटांनी ऐकली असणार. मला त्या क्षणी ह्यांचा फार अभिमान वाटला.

डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, साखर जास्त राहिली की नसांवर आणि रक्तवाहिन्यांवर परिणाम होतो, हे फार जणांना होतं आणि फार कमी जण सांगतात. मूळ पेशींवर अभ्यास चाललाय, पुढेमागे त्यातून काही चांगलं निघेलही. पण आज ते सिद्ध झालेलं नाही. खरा प्रयोग असतो तिथे पेशंटकडून पैसे घेत नाहीत, आणि प्रयोगाबाहेर हे इंजेक्शन विकायला आपल्याकडे परवानगी नाही. आधी साखर, चालणं, हृदयाची तपासणी, मग गोळ्या. गोळ्या नाही चालल्या तर दुसरे उपाय आहेत, त्या विषयाचे डॉक्टरही आहेत. हे मन लावून ऐकत होते, आणि मी बघत होते की ह्यांचा चेहरा थोडा उतरलाय. इतके दिवस त्या फोनवरच्या गोड आवाजाने एक आशा दिली होती, ती गेली. आशा खोटी असली तरी जाताना दुखतंच की.

घरी आल्यावर सगळं लगेच बदललं असं नाही. ह्यांनी चालायला सुरुवात केली. सुट्टीच्या दिवशी आम्ही चिंचणीला जाऊन समुद्राच्या कडेने चालायचो. हृदय ठीक निघालं, गोळ्या सुरू झाल्या. पण दिवाण सुटेना. रात्री हे दारापर्यंत यायचे, उशी हातात घेऊन, आणि म्हणायचे, "पंखा जास्त आहे का गं इथं?" मी म्हणायचे, "कमी करते." तरी परत जायचे. मी ओढून आणलं नाही. शिरगावला मला जेवढं ओरडायचं होतं तेवढं ओरडून झालं होतं. पुढची पावलं त्यांचीच होती. पण त्या दिवसांत मला खरोखर भीती वाटली, की हा माणूस बरा होईल आणि तरी माझ्याकडे यायची वाट विसरून जाईल.

मग गेल्या आठवड्यातली सुट्टी. सकाळचं खाणं झालं होतं. मी कपडे वाळत घालायला गॅलरीत गेले, तर चिमटे सगळे वॉशिंग मशिनवर ओतलेले. मी तोंड सोडलं, "अहो, हे चिमटे कुणी असे..." आणि थांबले. हेल्मेट नव्हतं.

ओले कपडे तसेच बादलीत टाकून मी हॉलमध्ये आले. दाराच्या काचेतून पाहिलं. जाळीला हेल्मेट अडकवलेलं होतं. पुसलेलं होतं, पिवळं दिसत होतं. हॉलमधला दिवाण रिकामा होता, त्याच्यावरची उशीही नव्हती. आतल्या खोलीचे पडदे ओढलेले होते.

त्या सकाळी काय जमलं आणि काय जमलं नाही, ते मी सांगणार नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. फक्त एवढं सांगते, की ह्यांनी नंतर माझ्याकडे पाठ केली आणि मी कपाळ लावलं. कोळशाचा वास आता राहिलेला नाही. साबणाचा आहे. बाहेर जिन्यात मासळीवालीची पाटी टेकल्याचा आवाज आला, मग ती हाक मारता मारता मधेच थांबली, आणि पाय न वाजवता खाली उतरली. ती इतकी जुनी आहे की तिला ती पद्धत आठवत होती. मला जी झोप लागली ती दुपारी जेवायच्या वेळेला मोडली.

काल ती परत आली. पाटी टेकवत म्हणाली, "त्या दिवशी आली तं दारावर टोपी व्हती. मंग मी काय बेल वाजवली नाय. दादा परत रातपालीला लागले काय गो?"

"नाही गं."

"मंग?" तिने डोळे बारीक केले. मी तिच्याकडे बघितलं नाही, पाटीकडे बघत राहिले. आत पेपरचं पान जोरात उलटलं.

"आनि ती मूलव्याद?" तिने विचारलं.

"बरी झाली," मी म्हटलं. "सुके बोंबील दे. चांगले ओंजळभर दे."